खालचा स्क्रू मालकाचा

यंत्र, माणूस, घड्याळ आणि हवामानाचा अंदाज यांपैकी कशावरही पहिल्या भेटीत विश्वास ठेवायचा नाही, हा नेम जन्मभर पाळणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो माझा साडभाऊ होता. हे विधान मी जपून करतो आहे. अकोल्याच्या एका कार्यालयात धरणांच्या पाणीपातळीच्या नोंदी लिहिण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. न मोजलेलं सांगायची मला सवय नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीला साईनगरात राहायचे. नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, बडनेऱ्याला, चौतीस वर्षं. मी त्यांना भाऊसाहेब म्हणत असे आणि ते मला नुसतं भाऊ. त्यांचा नाद एकच, स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर बांधणं. ‘जोडणं’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. “जोडते तो दुकानदार. मी बांधतो. घर बांधते न मानूस, तसं.” असे एकोणीस कॉम्प्युटर त्यांनी बांधले, सगळे नातलगांसाठी, ओळखीच्यांसाठी, एक गल्लीतल्या शिंप्यासाठी. त्यातले सतरा आजही चालू आहेत. उरलेल्या दोहोंपैकी एक छतातून गळालेल्या पाण्यात गेला आणि दुसरा शिंप्याच्या भावांच्या वाटणीत. वेगाचं त्यांना काही कौतुक नव्हतं. कोणी पोरगं येऊन म्हणालं की काका, अमुक मशीन किती फास्ट आहे, तर ते म्हणायचे, “धावनारा नको, बाबू. रोज कामावर येनारा पाहिजे.”

कोणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते खिशातून टेस्टर काढून भिंतीतलं अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणारी तार, तपासत. माझ्या पुतणीसाठी बार्शीटाकळीला स्थळ पाहायला आम्ही सात जण गेलो होतो. काळ्या जमिनीचं, जुनं, सधन घर. पोहे आले, मुलगा येऊन बसला, आणि मी वळून पाहतो तर भाऊसाहेब जागेवर नाहीत. ते कोपऱ्यात स्विचबोर्डापुढे उकिडवे. तिथूनच त्यांनी जाहीर केलं, “या घराले अर्थिंग नाही.” बैठकीत अशी शांतता झाली की पोह्यातला दाणा चावल्याचा आवाज आला. मुलाचे वडील म्हणाले, “पाहुने, तुमी पोरगं पाहाले आले का मीटर?” भाऊसाहेब म्हणाले, “दोनी. पोरगं चांगलं हाय, मले पसंत हाय. पन पोरगी वल्या हातानं धुन्याच्या मशीनले हात लावन, तवा पोराचा सोभाव कामी येनार नाही.” परत येताना गाडीत माझा भाऊ म्हणाला, हे स्थळ गेलं. आठव्या दिवशी मुलाचा फोटो आला. अंगणात कमरेएवढा खड्डा, त्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, आणि शेजारी घामाघूम मुलगा. लग्न झालं. नऊ वर्षं झाली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम अजून आमच्या जावयाकडेच आहे.

कॉम्प्युटर बांधताना लोक आधी मेंदू निवडतात. हे आधी पॉवर सप्लाय निवडत, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना वाटून देणारी ती पेटी. “घरात अन्न वाटनारी बाई खमकी पाहिजे. बाकीचे कसेही असले तरी जगतात.” आणि ती पेटी ते वजनावरून घेत. हलकी असली की आत तांबं कमी, हा त्यांचा हिशोब. एकदा दुकानदारानं काटा नाही म्हटल्यावर दोन पेट्या दोन हातांत घेऊन ते सरळ इतवारा बाजारात एका माळीणबाईच्या तराजूपुढे उभे राहिले. मी लाजेनं चार पावलं मागे. तिनं मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या, पेटी पारड्यात ठेवली आणि विचारलं, “काय हाय हे दादा? शिजवून खातात काय?”

“शिजत नाही, माय. पन गुपचूप घर चालवते.”

“मंग माह्या मालकापरीस बरं हाय. एक मलेही द्या.”

एक पेटी एक किलो आठशे भरली, दुसरी एक किलो शंभर. जड ती घेतली. तीच आज माझ्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि अकोल्याची वीज दिवसातून किती वेळा डोळा मारते याची मला नोंद असल्यामुळे त्या माळीणबाईबद्दल माझ्या मनात आदर आहे.

बांधून झालेला कॉम्प्युटर ते लगेच बाहेरच्या मोठ्या पेटीत बंद करत नसत. त्याचे सगळे भाग उघडेच एका लाकडी पाटावर मांडून अकरा दिवस चालवत. तो पाट बैठकीच्या मधोमध. तेवढे दिवस पंखा मोठा करायचा नाही, उदबत्ती लावायची नाही, जोरात दार आपटायचं नाही. ताई, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, आल्यागेल्याला सांगायच्या, “भिंतीकडून या. आमच्या घरी बारा महिने नवरदेव पाटावर बसलेला असतो.” अकरा दिवसांनी नवरदेव पेटीत जाई. पेटीच्या बाजूच्या पत्र्याला मागून दोन स्क्रू असतात. वरचा स्क्रू भाऊसाहेब लावत आणि खालचा मालकाच्या तळहातावर ठेवत. “हा तुमचा. तुमी लावा. लावला का मशीन तुमचं, माह्यं काम संपलं.” पेच उलटा फिरवणारे, स्क्रू पाडणारे, लाजणारे, सगळ्यांना ते थांबून लावू देत, मदत करत नसत. ज्याला खालचा स्क्रू लावता येतो त्याला तो काढताही येतो, आणि ज्याला काढता येतो तो यंत्राला घाबरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्र्याच्या आतून एक हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला असे. त्यात कोणता भाग कधी बसवला, काय बिघडलं तर काय करायचं, शेवटी त्यांचा फोन नंबर आणि नंबराखाली एक ओळ : घाबरायचं नाही.

माझा कॉम्प्युटर चौदावा. तो द्यायला ते अकोल्याला आले तेव्हा आधी जठारपेठेतल्या माझ्या घरात भिंतींवर हात फिरवून त्यांनी जागा ठरवली आणि दोन आज्ञा केल्या. रुईच्या मोसमात दर महिन्याला आतले पंखे ब्रशनं साफ करायचे, कारण वऱ्हाडातलं मशीन उन्हानं कमी आणि कापसाच्या तुसानं जास्त मरतं. आणि कूलर त्याच्या समोर कधीही ठेवायचा नाही. पहिली आज्ञा मी तारीखवार पाळली. दुसरी एका मे महिन्यात मोडली. बाहेर शेहेचाळीस अंश होते, मला वाटलं मशीनलाही जरा गार वाटेल. अठराव्या दिवशी ते बंद पडलं. भाऊसाहेब सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून आले, तारा काढल्या, पत्रा उघडला आणि आतल्या पांढऱ्या थरावरून बोट फिरवून ते माझ्यासमोर धरलं. “चाटा.” मी, पन्नाशीतला सरकारी माणूस, माझ्या बायकोच्या देखत ते बोट चाटलं. मीठ होतं. आमच्या बोअरचं पाणी खारं. कूलरनं ते अठरा दिवस बारीक फवारून मशीनच्या आत वाळवलं होतं.

“आता सांगा, कोन बिघडलं? मशीन का तुमी?”

मी म्हणालो, “मी. पण ते जळलं तर नाही?”

“नाही जळलं. म्हनून तं बांधलं होतं.” मग चहा घेताना त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या चौतीस वर्षांचं सार होतं. “पाहा भाऊ. सिग्नलची तार तुटली, लाईन गेली, काहीही झालं तं सिग्नल लाल झाला पाहिजे. गाडी थांबते, लोक शिव्या देतात, देऊ द्या. बिघडलेला सिग्नल हिरवा राह्यला तं मानसं मरतात. बिघडनं गुन्हा नाही. बिघाड लपवनं गुन्हा हाय.”

हे वाक्य मी माझ्या कार्यालयातल्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं आहे. आणि ज्यानं ते सांगितलं त्याच माणसानं पुढे पाच महिने आम्हां सगळ्यांना हिरवा दाखवला.

फोनवर तब्येत विचारली की ते म्हणत, “लाईन क्लियर.” मला दिसत होतं की बडनेरा स्टेशनचा पूल चढताना ते मध्येच थांबून वेळापत्रक वाचतात, जे त्यांना पाठ होतं. पण दिसणं आणि नोंद करणं यात फरक आहे, आणि मी नोंद केली नाही. एका रविवारी त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनी मला स्क्रूंचा खोका आणायला सांगितलं, आणि खोक्याच्या तळाशी दवाखान्याचा कागद सापडला. हृदय पंचवीस टक्के काम करतं, असं त्यावर होतं. आकडा दिसला की मला तो न दिसल्यासारखं करता येत नाही. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

“लेवल हाय,” ते म्हणाले. “तुमी धरनाची लिहिता, डाक्टर माही लिहिते.”

“भाऊसाहेब, पंचवीस टक्के!”

“पंचवीस टक्क्यावर धरन आलं तं तुमी काय करता?”

“पाणी जपून वापरा म्हणून सांगतो.”

“मंग तेच करून राह्यलो न मी. आवाज कमी करा, ती आयकन.”

ताईंनी ऐकलं नव्हतं, कारण ऐकायची गरज नव्हती. तो कागद त्यांनी माझ्याआधीच वाचला होता, खोका झाडताना. हे मला नंतर कळलं.

त्याच महिन्यात त्यांनी विसावा कॉम्प्युटर बांधायला घेतला. तो ताईंसाठी होता. घरातलं पेन्शनचं काम, विजेचं बिल, गॅसचा नंबर लावणं, बंगलोरच्या मुलीशी समोरासमोर बोलणं, सगळं भाऊसाहेबच त्यांच्या जुन्या, उघड्या, झाकण नसलेल्या मशीनवर करत. ताईंनी त्याला कधी हात लावला नव्हता. “मी गेल्यावर हिनं कोनाच्या दारात ‘जरा एवढं करून द्या’ म्हनत उभं राह्याचं नाही,” एवढंच त्यांनी मला सांगितलं. पूर्वी जे काम दोन दुपारचं होतं त्याला आता साडेतीन महिने लागले. एका दिवशी एकच भाग. हात थकला की पेचकस खाली ठेवून ते पाटाकडे बघत बसत. त्या मशीनमध्ये त्यांनी सगळं दुहेरी केलं. माहिती साठवणाऱ्या एका तबकडीतलं आपोआप दुसऱ्या तबकडीत उतरेल, एक पंखा थांबला तर दुसरा ओढून नेईल. तूस अडवायला जाळीला ताईंच्या एका झिरझिरीत साडीचा तुकडा बसवला. आणि अकरा दिवसांऐवजी ते चाळीस दिवस पाटावर चालवलं. मी कारण विचारलं. म्हणाले, “बाकीच्या एकोनीस जनाले दुरुस्त कराले मी होतो.”

मग शिकवणी सुरू झाली. ताई एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या. पेन्सिल कशी धरायची इथपासून त्यांनी किती मुलांना वर आणलं असेल याचा मी एकदा हिशोब केला होता, तो हजारावर गेला. पण कॉम्प्युटरपुढे बसल्या की त्यांच्याइतका ढ विद्यार्थी सापडणार नाही. रोज अकराला धडा, आणि रोज धडा पहिलाच.

“अहो, हा बान कुठं गेला?”

“काहून वं, कालच तं सांगतलं. उंदीर हालव, बान दिसते.”

“हालवला. गेला पुन्हा. मले नाही जमत हे.”

“हजार लेकरं शिकवले तू, अन् तुले एक बान सापडत नाही?”

“लेकरांले शिकवनारी मी होती. मले शिकवनारा असा खेकसते.”

ते खेकसत, त्या चुकत. पत्रा वरच्या एका स्क्रूवर लटकलेला. दर रविवारी धडा संपला की भाऊसाहेब खालचा स्क्रू तळहातावर घेऊन पुढे करत, “घे, लाव,” आणि ताई म्हणत, “अजून येत नाही मले. आल्यावर लावीन.” तो स्क्रू पुन्हा भाऊसाहेबांच्या चष्म्याच्या डबीत जाई. मी दर दुसऱ्या रविवारी तिथं असे. सात रविवार मी हे पाहिलं आणि सातही वेळा मला ताईंचा थोडा राग आला. त्या माणसाकडे वेळ मोजका होता, एवढं तरी त्यांना समजायला हवं होतं.

आठव्या रविवारी माझी गाडी चार तास उशिरा आली. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दार लोटलेलं होतं. भाऊसाहेब आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, आणि ताई कॉम्प्युटरपुढे ताठ बसून दोन्ही हातांनी मराठी टाइप करत होत्या. मुलीला पत्र लिहीत असाव्यात. लिहून झालं, ते त्यांनी पाठवलं, पेन्शनचं पान उघडलं, काहीतरी तपासलं, पान बंद केलं. कुठं बोट अडलं नाही. सगळं मिळून चार मिनिटं. तेवढ्यात त्यांना दारातला मी दिसलो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, वर्गात ठेवतात तसं. खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला आणि ताई लगेच म्हणाल्या, “अहो, हे काय झालं पाहा बरं, सगळं निळं निळं होऊन गेलं!”

मला तेव्हा समजलं. विद्यार्थी पास झाला की मास्तर मोकळा होतो. ताई मुद्दाम नापास होत होत्या.

संध्याकाळी भाऊसाहेब मला कोपऱ्यावरच्या ऑटोपर्यंत सोडायला निघाले. साठ पावलांचा रस्ता, त्यात तीनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबल्यावर विजेच्या खांबाला हात टेकून म्हणाले, “तुमाले दिसलं न आज?”

मी खांबावरचा नंबर वाचू लागलो.

“मशीन लिहून ठेवते, भाऊ. कोनत्या वेळी काय उघडलं. मी सिग्नलचा मानूस, रोज नोंद पाहतो. तीन ते साडेतीन. महिनाभरापासून माह्यापरीस चांगलं चालवते ती.”

“म्हणजे तुम्ही झोपत नाही?”

“दुपारी मले कधी झोप आली? डोये मिटून पडतो. उघडे ठेवले तं तिची प्रॅक्टिस बुडते.” मग जरा दम घेऊन, “सांगू नका तिले. रोज अकराले चुकते बिचारी. लय मेहनतीनं चुकते.”

त्यानंतर ते फार दिवस नव्हते. संक्रांतीला आठ दिवस असताना, सकाळी, चहा पुढे असतानाच गेले. त्या दिवशीही अकराचा धडा व्हायचा होता.

तेरावं झाल्यावर पेन्शनचे कागद ताईंनी स्वतः भरले, स्वतः पाठवले. कार्यालयातल्या माणसानं फोन करून विचारलं, बाई, कोणाकडून भरून घेतलं, एकही चूक नाही. ताई म्हणाल्या, “घरीच शिकवनी होती.” आता त्या रोज अकरा वाजता मशीनपुढे बसतात. बिल भरतात, मुलीशी बोलतात, गल्लीतल्या बायांचे अर्ज भरून देतात. त्यांच्या दारात लोक उभे असतात. त्या कोणाच्या दारात नाहीत.

रुईचा मोसम आला तसा मी ब्रश घेऊन अमरावतीला गेलो. वरचा स्क्रू काढला, पत्रा बाजूला केला. साडीच्या तुकड्यावर पांढरं तूस साचलं होतं. आत एक कण नव्हता. पत्र्याच्या आतला कागद तेव्हा मी पहिल्यांदा वाचला. तसंच अक्षर, जरा हललेलं. तारखा, भाग, काय बिघडलं तर काय. शेवटी जिथं एकोणीस कागदांवर त्यांचा नंबर होता तिथं माझा होता. पुढे लिहिलं होतं : अकोल्याचे साडभाऊ. मोजूनमापून काम करतात. मला त्यांनी विचारलं नव्हतं. नंबराखाली नेहमीची ओळ होती, घाबरायचं नाही, आणि ती नेमकी कोणासाठी लिहिली हे मला ठरवता आलं नाही.

साफसफाई करून मी पत्रा बसवला आणि वरचा स्क्रू आवळला. मशीन सुरू केलं तर पत्र्याचं खालचं टोक बारीक आवाजात थरथरू लागलं. मला चष्म्याची डबी ठाऊक होती. मी म्हणालो, “ताई, तो स्क्रू द्या. तुम्हीच लावा, मी धरतो. भाऊसाहेबांना वाजणारं मशीन चालत नसे.”

“ठाऊक हाय मले, भाऊजी,” ताई म्हणाल्या. “राहू द्या. वाजते तं घरात कोनी खेकसून राह्यलं असं वाटते.”

मी आग्रह केला नाही. त्यांनी मुलीला दोन ओळी लिहिल्या, पाठवल्या आणि मशीन बंद केलं. पडदा काळा झाल्यावरही पंखा लगेच थांबत नाही, आणि तोवर तो पत्रा वाजत राहतो. सहा सेकंद. मी मोजले. तेवढे सेकंद ताई खुर्चीतून उठत नाहीत.